सिंक हलवू नका, बाकी हवं ते करा

मंडळी नमस्कार. माईक मागेपर्यंत येतोय का? नाही? राहू दे मग, मी जोरातच बोलते. ड्रिल मशीन चालू असताना प्लंबरशी बोलायची सवय आहे मला. पत्रकावर विषय छापलाय ‘जुन्या घरातलं किचन नवं करताना टाळायच्या दहा चुका’. तो दहाचा आकडा सेक्रेटरी काकांचा, मी फक्त म्हणाले होते की किचनवर बोलीन. सातला हॉल योगावाल्यांना द्यायचाय त्यामुळे दहा होतील की नाही माहीत नाही, पण एक नक्की होईल आणि ती माझी लाडकी आहे. सिंक आहे तिथून हलवू नका. झालं, एवढंच सांगायला आले होते, चहा झाला असेल तर निघू या का?

हसताय, पण मला फोन येतात ना त्यातला पहिला प्रश्न नेहमी रंगाचा असतो. मॅडम अ‍ॅक्रिलिक चांगलं का लॅमिनेट, मॅट का ग्लॉसी, सध्या ऑलिव्ह ग्रीन चाललाय का. मी विचारते, तुमचं सांडपाणी कुठल्या बाजूने बाहेर पडतं? पलीकडे शांतता. चाळीस वर्षं त्या घरात भांडी घासली जातायत आणि ते पाणी जातं कुठे हे कोणालाच माहीत नाही. एका काकांनी तर सांगितलं, खाली जातं. बरोबरच आहे म्हणा.

आता बघा, नळाच्या पाण्याला प्रेशर असतं, टाकी गच्चीवर आहे, त्यामुळे ते तुम्ही कुठेही न्या, वर चढवा, कोपऱ्यातून वळवा, ते मुकाट्याने येतं. वापरलेल्या पाण्याला असं काही नसतं, त्याला फक्त उतार असतो. साधारण चाळीस इंचाला एक इंच उतार द्यावा लागतो. म्हणजे सिंक दहा फूट लांब नेलं तर एकशेवीस इंच झाले, तीन इंच उतार पाहिजे. ते तीन इंच आणि वर पाइपाची जाडी, हे सगळं आणायचं कुठून? बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात कोबा भरलेला असतो म्हणून तिथे पाइप लपतात. किचनचा स्लॅब बहुतेक जुन्या बिल्डिंगांत हॉलच्याच लेव्हलला असतो, लपवायला जागाच नाही. त्या काळच्या आर्किटेक्टने मोरी नाहीतर भांडी घासायची बाल्कनी अगदी डक्टला, म्हणजे बिल्डिंगचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेला, चिकटून दिली ना, ती काही जागा उरली म्हणून दिलेली नाही. उभा पाइप तिथे आहे म्हणून दिली.

तर आता किस्सा. आपल्या पुण्यातलीच, एरंडवण्यातली बिल्डिंग, नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तरी त्यांना ओळखत असतील. दोघंही बँकेतून रिटायर झालेले, किचन सत्तरच्या दशकातलं, कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, सगळं ठणठणीत. मुलगा म्हणाला आईने आयुष्यभर या अंधाऱ्या किचनमध्ये काढलं, आता मी पैसे पाठवतो, नवं करा. चांगली गोष्ट आहे. पण काम सुरू करायच्या आधी कोणीतरी वास्तुवाल्यांना घेऊन आलं. ते कंपास घेऊन फिरले आणि म्हणाले, एकाच ओट्यावर अग्नी आणि जल, घरात भांडणं होणार. काकू म्हणाल्या, अहो ती होतातच. ते म्हणाले, त्याचंच कारण हे! सिंक ईशान्येला घ्या. आता ईशान्य म्हणजे त्यांच्या घरात हॉलच्या बाजूची भिंत, डक्टच्या बरोब्बर समोरची, मध्ये बारा फूट.

मी त्यात नव्हते, हे आधीच सांगते, मला नंतर बोलावलं. त्यांचा जो कॉन्ट्रॅक्टर होता त्याला मात्र दाद दिली पाहिजे, नाही म्हणणं हा प्रकार त्याच्या डिक्शनरीतच नव्हता. होऊन जाईल काका, टेन्शन नॉट. झालं काय, उतार मिळेना. मग त्याने काय केलं, फरशी काढली आणि स्लॅबमध्ये चर मारला. कळतंय का मी काय म्हणते? स्लॅबमध्ये! स्लॅब असतो चार-पाच इंचांचा, भिंतीजवळ आणि बीमजवळ वरच्या अंगाला सळया असतात, त्या दिसल्या तर ग्राइंडरने उडवल्या. त्यात दीड इंची पाइप टाकला, दोन ठिकाणी काटकोनात एल्बो, म्हणजे पाइप वळवायचे तुकडे, वर सिमेंट, वर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. वास्तुशांत झाली, मी पण गेले होते, जेवण उत्तम होतं, मसालेभात तर काय सांगू. ते असो.

पहिले काही महिने छान गेले. पण आपल्या सिंकमध्ये जातं काय बघा, भाताची पेज, वरणाची फोडणी, तुपाची बेरी खरवडलेलं पाणी. गरम असताना पातळ असतं आणि थंड पाइपात गेलं की थिजतं, उतार कमी असला की तिथेच बसतं. पाइप चोक झाला. प्लंबर आला, त्याने वरून अ‍ॅसिड ओतलं आणि काठी घातली. काठीने एल्बोचा जॉइंट हलला. वर काहीच दिसेना, पाणी छान जायला लागलं, प्लंबरला चहा दिला, शाबासकी दिली. आणि खालच्या मजल्यावर अगदी त्या जॉइंटच्या खाली होतं देवघर. सकाळी आजी पूजेला बसल्या तर गणपतीवर थेंब थेंब अभिषेक चालू. त्यांना वाटलं आजोबांनी अभिषेकपात्र टांगलंय, त्या खुश, आज कशी काय बुद्धी झाली म्हणून. आजोबांना वाटलं हिनेच काहीतरी व्रत धरलंय. दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही! शेवटी त्या तीर्थाला कांद्याचा वास यायला लागला तेव्हा वर बघितलं.

मग सोसायटीची मीटिंग. तुम्हाला सांगायला नको मीटिंग कशी असते. वरचे म्हणतात बिल्डिंग जुनी आहे, सोसायटीने करून द्यावं. सोसायटी म्हणते घराच्या आतलं गळणं ज्याचं त्याने बघायचं, आणि ते बरोबरच आहे, तुमच्या सिंकचं गळणं सोसायटी का निस्तरेल. खालचे म्हणतात आमचं प्लास्टर पडलं, पेंट गेला, शिवाय देवांचं शुद्धीकरण करावं लागलं त्याचे वेगळे. शेवटी फरशी उकरली, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, त्याने त्या उडवलेल्या सळया बघितल्या आणि कपाळाला हात लावला. तो स्लॅब नीट करण्यात जे पैसे गेले ना, त्यात अजून एक किचन झालं असतं. आणि सिंक? सिंक परत डक्टच्या भिंतीला, जुन्या जागी! मग वास्तुवाल्यांना विचारलं आता कसं, तर म्हणाले हरकत नाही, गॅस आणि सिंकच्या मध्ये एक हिरवी कुंडी ठेवा. अहो मग ती कुंडी आधी नाही का सांगायची! नर्सरीत शेदीडशेला मिळते.

माझं वास्तुशास्त्राशी भांडण नाही हं, इथे कोणी असतील तर रागावू नका. गॅस हलवा, फ्रिज हलवा, ओव्हन हलवा, दार हवं तर बंद करा. फक्त सिंक त्याच भिंतीवर, फार तर दोन-तीन फूट इकडे तिकडे. हा एक खुंटा ठोकला की बाकीचं किचन त्याच्याभोवती आपोआप बसतं. डिशवॉशर घेणार असाल तर तो सिंकच्या शेजारी, आरओ सिंकच्या वर, म्हणजे तिघांचं पाणी एकाच ठिकाणी जातं. आणि पाइप जिथे वळतो तिथे दार असलेला बेंड लावून घ्या, डोअर बेंड म्हणतात त्याला, म्हणजे चोक झाला तर झाकण उघडून साफ करता येतं, काठी घालायला लागत नाही.

काय काका? पंचवीस मिनिटं? सात वाजता म्हणजे सातच का? बरं बरं. बाकीच्या नऊ आता पळत पळत.

भिंत. तुमचं घर कुठल्या काळातलं आहे त्यावर सगळं आहे. पेठेतल्या वाड्याच्या भिंती जाड, मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या, त्यांच्यावर सिमेंटचं प्लास्टर थापलं की आतली ओल बाहेर पडत नाही आणि पोपडे येतात, तिथे चुन्याचं काम जाणणारा माणूस बघा. १९६१ साली पानशेत धरण फुटल्यानंतर गाव नदीपासून लांब पसरलं, त्या आणि पुढच्या काळातल्या दोन-तीन मजली बिल्डिंगा बऱ्याचशा लोडबेअरिंग आहेत, म्हणजे वरचा मजला भिंतींवरच उभा आहे, तिथे ‘ओपन किचन करायचंय, मधली भिंत काढू’ हे इंजिनिअरच्या लेखी सहीशिवाय मनात पण आणू नका. नंतरचे कोथरूडकडचे फ्लॅट बरेचसे कॉलम-बीमवाले, तिथे साडेचार इंची भिंत निघू शकते, पण माळा बघा आधी. सिमेंटचा माळा बरेचदा लिंटेलमधून, म्हणजे दाराखिडकीवरच्या आडव्या पट्टीतून, बाहेर काढलेला असतो आणि त्याच्यावरच्या भिंतीच्या वजनाने तो दाबून धरलेला असतो. वरची भिंत काढली की आजीची पितळी भांडी माळ्यासकट खाली.

नळाचे पाइप. जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतात, बाहेरून बरे दिसतात आणि आतून गंजून भोक पेन्सिलीएवढं राहिलेलं असतं. नुसता नवा नळ बसवायला गेलात तर भिंतीतला जुना एल्बो त्याच्याबरोबर फिरतो आणि तुटतो, आणि हे नेहमी नव्या टाइल्स लागल्यावर होतं. भिंत उघडलीच आहे तर सगळे बदला, सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे टाका, किचनपुरतं पाणी बंद करायला वेगळा स्टॉपकॉक घ्या, प्रेशर टेस्ट करा. आणि टाइल लागायच्या आधी मोबाइलवर भिंतीचे फोटो काढा, मेजरिंग टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. हे फुकट आहे तरी कोणी करत नाही.

वायरिंग. जुन्या किचनमध्ये मिक्सरपुरता एक पाच अँपिअरचा पॉइंट असायचा. एकटी इंडक्शन शेगडी २००० वॅटची म्हणजे जवळपास नऊ अँपिअर खाते, त्यावर ओव्हन, किटली, मायक्रोवेव्ह. किचनला बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढा, जड उपकरणांना १६ अँपिअरचे सॉकेट आणि चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अर्थिंग तपासून घ्या, करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. चिनी मातीचे फ्यूज अजून असतील तर ते आता काढून टाका हो. आणि महावितरणकडे लोड किती मंजूर आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

गॅस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी पाहिजे. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला वर जाळी. मॉड्युलरवाले सगळं पॅक करून देतात कारण सुंदर दिसतं. पाइपलाइन हलवायची तर एमएनजीएल या गॅस कंपनीकडूनच, आपल्या प्लंबरकडून नाही, तो कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी. आणि नारिंगी सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, घरी जाऊन वाचा.

ओटा. जुने ओटे बुटके असतात, तीस-बत्तीस इंच, वाकून वाकून पाठ जाते. सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा. जी रोज स्वयंपाक करते तिचं माप घ्या, घराचं पेमेंट करतो त्याचं नको. वर ग्रॅनाइट टाका, कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो, पण ओट्याखालचे उभे कडप्पे चांगले असतील तर फेकू नका, त्यांना पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, त्यांच्यामध्ये ट्रॉल्या मस्त बसतात. कॉन्ट्रॅक्टर काढा म्हणेल कारण त्याला प्लायवूडचे बॉक्स विकायचे असतात. घेतलंच प्लायवूड तर सिंकखाली तरी पाण्यात टिकणारं आयएस ७१० वालं घ्या, शिक्का बघून. आणि स्टीलच्या ट्रॉलीला लोहचुंबक लावून ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील आहे म्हणून दाखवतात, त्याला भुलू नका, हलक्या २०२ ला पण चुंबक चिकटत नाही.

चिमणी. तिचा धुराचा डक्ट व्यासाला सहा इंच, बेंड कमीत कमी, आणि बाहेरचं तोंड शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीसमोर येत नाही ना ते बघून भोक पाडा. नाहीतर तुमची माशांची फोडणी शेजारच्या शाकाहारी घरात, मग परत मीटिंग.

राडारोडा. पोती भरून रात्री नदीपात्रात टाकणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, पण नियमाप्रमाणे त्याची जबाबदारी राडारोडा करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे. कॉर्पोरेशनकडे नोंदवून द्या, एस्टिमेटमध्येच त्याचे पैसे धरा. आणि सोसायटीची एनओसी आधी घ्या, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवा, ते सेक्रेटरी काका खूण करतायत मला, हो सांगितलं काका.

किती झाल्या? मोजू नका. तुमचा काय प्रश्न आहे ताई? आरओ लावायचा की नाही? नुसतं कॉर्पोरेशनचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर ते मऊ आहे, यूव्हीवाला प्युरिफायर पुरतो, आरओ निम्म्याहून जास्त पाणी फेकून देतो. बोअर नाहीतर टँकर मिसळत असतील तर टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर मिळतं छोटं, त्याने मोजा, ५०० च्या आत असेल तर आरओच्या नादाला लागू नका. अजून कोणाला काही विचारायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये भेटा, मी आहे अर्धा तास. घराचा प्लॅन असेल तर घेऊन या, आणि नसेल तर डक्ट कुठे आहे ते तरी बघून या. या या, चटया घाला तुम्ही, आमचं झालंय.