पैशाला मालक असतो

बंधुभगिनींनो, मोमिनपुऱ्यातल्या सभेत मराठीतून बोला, हा आपला आग्रह मी आनंदाने मानला. कारण लबाडीने आलेल्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न नागपूरच्या इतवारी बाजारातल्या कोणत्याही गल्ल्यावर धर्म विचारून येत नाही.

'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा माझा नव्हे, असे बजावले. पेटीतल्या वरच्या थराखालची संत्री चाचपून पाहणाऱ्या नागपूरकराला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

मला मात्र वेगळेच विचारले जाते. मशिदीला पंखे दिले, हज केला, आता तरी तो पैसा हलाल झाला ना? त्याच ग्रंथातली दुसरी हदीस सांगते की शुद्धीवाचून नमाज आणि अपहाराच्या मालातून केलेले दान स्वीकारले जात नाही. दुसऱ्याच्या पैशातून केलेले दान हे मुळात आपले दानच नव्हे. तौबा करताना, म्हणजे पापाची क्षमा मागून अल्लाहकडे वळताना, पश्चात्ताप, ते कृत्य थांबवणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय एवढे पुरते, पण माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे ही आणखी एक अट लागते. मालक हयात नसेल तर रक्कम वारसांना द्यावी. चोरीची कबुली देण्याची लाज वाटत असेल, तर कारण न सांगता ती पोचती केली तरी चालते. मला ही सवलत फार शहाणपणाची वाटते, कारण लाजेपायी कित्येक जण परतफेडच टाळतात.

अडचण येते ती मालक कोण हेच ठाऊक नसेल तेव्हा. पोरवयात मी एका धान्याच्या दुकानात कामाला होतो. तागडीच्या ज्या पारड्यात माल पडे, त्याच्या बुडाला मालक चिंचेचा गोळा चिकटवत, आणि सकाळी तो ओला करून घट्ट बसवण्याचे काम माझ्याकडे असे. पावशेर डाळ नेणारे ते विणकर, त्यांच्या बायका, त्यांची नावे कुणाच्या वहीत होती? अशा वेळी बहुसंख्य फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, सांगितलेली वाट अशी, की बुडवलेल्या रकमेचा अंदाज करावा, शंका असेल तिथे तो चढाच धरावा आणि तेवढी रक्कम मूळ मालकांच्या वतीने गरजूंना द्यावी. त्या दानाच्या पुण्यावर देणाऱ्याने हक्क सांगायचा नाही. पुढे मालक भेटला आणि ते दान त्याला मान्य नसले, तर त्याचे पैसे खिशातून पुन्हा मोजून द्यायचे.

माझा पगार किती होता, ते मला आठवते. पारड्यातून किती डाळ कमी गेली, ते आठवत नाही. म्हणून मी त्या दोन वर्षांचा सगळा पगार हिशेबात धरला. हप्ते अजून चालू आहेत.