पाळीचा कितवा दिवस?

(दृश्य: नागपूर, धंतोली. सकाळ. लॅबचं काउंटर.)

काउंटरवरची मुलगी आवाज खाली आणून विचारते, "ताई, कितवा दिवस आहे?"

मागे बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. कुणाचे वडील, कुणाचा दीर. ताई बोलत नाही. पदराआडून फक्त दोन बोटं वर करते.

आजची सगळी तपासणी या दोन बोटांवर उभी आहे.

ताई उमरेडहून पहिल्या बसने आली आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांच्या कागदावर नावं आहेत: एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन. आणि खाली, एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन. पाळी आणि बीज यांच्याशी जोडलेले हे हार्मोन्स, त्यांचे आकडे महिनाभर सारखे राहत नाहीत. बीज सुटायच्या आधी एलएच एकदम उसळतं, दोन दिवसांत खाली येतं. इस्ट्राडिओल पाळीच्या सुरुवातीला अगदी तळाला असतं आणि मध्यावर कित्येक पटींनी चढतं. म्हणून दुसरा-तिसरा दिवस धरायचा. दिवस न लिहिलेला रिपोर्ट वाचता येत नाही, मग लॅब कितीही मोठी असो.

मुलीचा पुढचा प्रश्न ताईला कोड्यात टाकतो. "केसांच्या गोळ्या चालू हायेत का जी?"

"होत्या. चार दिवस झाले, संपल्या."

केसांचा आणि मूल होण्याचा काय संबंध? सांगतो, जरा पुढे.

(दृश्य: पिवळ्या झाकणाची ट्यूब. सेंट्रिफ्यूज फिरतंय.)

रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मग फिरवायचं. लाल भाग खाली बसतो, वर गवती पिवळं सीरम उरतं. ऐकायला सोपं आहे. पण मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा काटोल-सावनेरच्या कलेक्शन सेंटरवरून निघालेली ट्यूब गाडीच्या डिक्कीत राहून चालत नाही. रक्त आधी तिथेच फिरवायचं, मग बर्फाच्या डब्यातून आणायचं. ती पेटी मांडीवर घेऊन भर दुपारी येणाऱ्या पोरांचं नाव रिपोर्टवर कुठेच नसतं.

आता या थेंबभर सीरममध्ये शोधायचं किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. पाळीच्या दुसऱ्या दिवशी एक मिलिलीटर सीरममध्ये इस्ट्राडिओल असतं ते असे साधारण वीस ते पन्नास पिकोग्रॅम. इतकं थोडं, आणि तेही हजार प्रकारच्या प्रथिनांच्या गर्दीत. ते हुडकून काढते अँटीबॉडी, म्हणजे शरीर परक्या गोष्टीला धरायला बनवतं ते प्रथिन, जिला फक्त तोच एक रेणू ओळखायला येतो.

ही कल्पना न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या, माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातून आली. रोझलिन यालो शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, सॉलोमन बर्सन डॉक्टर. इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्शुलिनविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, असं त्यांना दिसलं. तेव्हाच्या जाणकारांना ते पटेना. निबंध परत आला, आणि 1956 मध्ये छापून आला तो शीर्षकातला 'अँटीबॉडी' हा शब्द काढल्यावरच. त्याच निरीक्षणातून त्यांनी रक्तातलं इन्शुलिन मोजायची रीत बसवली. तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. 1977 मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन 1972 मध्येच गेले होते. धंतोलीतल्या आजच्या या ट्यूबपर्यंत त्या दोघांचा हात पोचतो, हे मला कधीही सांगावंसं वाटतं.

(दृश्य: कळमना मार्केट. संत्र्यांचे क्रेट उतरताहेत.)

कळमन्यात भरलेला क्रेट दोघं जण दोन बाजूंनी धरतात. एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन हे मोठे रेणू असेच मोजले जातात. एक अँटीबॉडी एका टोकाला धरते, दुसरी दुसऱ्या टोकाला. दुसरीच्या हातात उजेड देणारा पदार्थ असतो. जितके रेणू दोघींच्या हातात सापडले, तितका उजेड जास्त. पूर्वी उजेडाच्या जागी किरणोत्सर्ग मोजायचे.

यात एक अडचण होती. एफएसएच, एलएच, थायरॉइडचं टीएसएच आणि गर्भारपणाचं एचसीजी या चौघांचाही अर्धा भाग, अल्फा साखळी, सारखाच. वेगळेपण आहे ते बीटा साखळीत. त्यामुळे सुरुवातीच्या चाचण्यांना एलएच आणि एचसीजी वेगळे ओळखता येत नसत. 1972 मध्ये ज्युडिथ वैटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी बीटा पकडणारी चाचणी दिली. आज आपल्याकडे बायका सहज म्हणतात ना, "बीटा करून आले", तो बीटा हाच.

इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन मात्र इवलेसे. दोन हात लावायला जागाच नाही. तिथे पंगत मांडावी लागते. पाट मोजकेच, म्हणजे अँटीबॉडी मोजक्याच. रक्तातले पाहुणे येतात, आणि लॅबने पाठवलेले, हातात दिवा घेतलेले पाहुणेही येतात. रक्तातले जास्त असले तर दिवेवाल्यांना पाट मिळत नाहीत. उजेड कमी, म्हणजे हार्मोन जास्त.

आता केसांची गोळी. तिच्यात बहुतेकदा बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. आणि बऱ्याच मशीनमध्ये अँटीबॉडीला कणांवर चिकटवून ठेवायला हेच बायोटिन वापरतात. रक्तात फिरणारं बायोटिन ती जागा अडवतं. हार्मोन धरलेल्या अँटीबॉडी धुवून जातात, उजेड मंदावतो. क्रेटच्या रीतीत मशीन म्हणतं एफएसएच कमी, पंगतीच्या रीतीत म्हणतं इस्ट्राडिओल जास्त. एफएसएच खरं वाढलेलं असलं, म्हणजे अंडाशय थकत आलेलं असलं, तरी कागदावर ते ठणठणीत दिसू शकतं. यात बाईची चूक नाही, मशीनचीही नाही. कुणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच. मोठ्या डोसच्या गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारून.

प्रोलॅक्टिन तर सुईच्या धास्तीनेही वाढतं. म्हणून एका वाढलेल्या आकड्यावर गोळी सुरू करू नये, शांत बसवून पुन्हा तपासावं.

(दृश्य: लॅबबाहेर मोटरसायकलला टेकून उभा एक माणूस.)

तिचा नवरा बाहेर उभा आहे. त्याच्या हातात कागद नाही. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. वीर्य तपासणी ही साधी, सुई न टोचता होणारी तपासणी. चार वर्षांत ती कुणी लिहून दिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

रक्त देऊन ताई उठते. टेक्निशियन कागदाकडे पाहून थांबतो.

"एकविसाव्या दिवशी परत या म्हणून लिहिलंय. पण तुमची पाळी किती दिवसांनी येते ताई?"

"पस्तीस."

प्रोजेस्टेरॉन पाहायचं ते बीज सुटलं का हे कळावं म्हणून, पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी. हिचं बीज तर एकविसाव्याच्या सुमाराला सुटणार. त्या दिवशीचा आकडा कमीच आला असता आणि निदान लिहिलं गेलं असतं: बीज सुटत नाही.

तो डॉक्टरांना फोन लावतो. दोन मिनिटं बोलतो. मग एकवीस खोडून अठ्ठावीस लिहितो आणि कागद तिच्या हातात देतो.

"आणि येताना दादांना आत घेऊन या. डॉक्टरांनी त्यांचीपण तपासणी सांगितली आहे."