१६ एप्रिल, पण कुठल्या कॅलेंडरचा?

नमस्कार मंडळी,

कमिटीने मला सांगितलं होतं की मेळावा बरोबर १६ एप्रिललाच येतोय, तर सुरुवातीला पाच मिनिटं दिनविशेष सांगा. मी हो म्हणाले, यादी काढायला बसले आणि यादीतच अडकून पडले, कारण एकेक घटना उघडून बघायला लागलं ना, की कळतं तारीख ही काही आपोआप पडत नसते, ती कोणीतरी ठरवलेली असते आणि ठरवताना बरंच काही बाहेर राहून जातं. त्यामुळे पाच मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ घेणार आहे.

१६ एप्रिल म्हटलं की आपल्याला पहिली आठवते ती बोरीबंदर ते ठाणे गाडी. १८५३ साल, शनिवार, दुपारचे ३ वाजून ३५ मिनिटं, १४ डबे, चारेकशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, आणि अंतर २१ मैल म्हणजे साधारण ३४ किलोमीटर. हे सगळं खरंच आहे, पण 'भारतातली पहिली रेल्वे' असं जे आपण सर्रास म्हणतो ते बरोबर नाही. मद्रासजवळ रेड हिल्सचा दगड वाहून न्यायला १८३७ मध्येच रूळ टाकलेले होते, आणि रूडकीला गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवर पूल बांधत होते तिथे माती वाहायला १८५१ च्या डिसेंबरमध्ये वाफेचं इंजिन चाललं होतं. त्या गाड्यांत पाहुणे नव्हते, बँड नव्हता, नुसता दगड आणि माती, म्हणून त्यांचा वाढदिवस कोणी करत नाही. ठाण्याची गाडी ही पहिली प्रवासी गाडी. असं नीट म्हटलं तरी तिचा मान तसूभरही कमी होत नाही.

आणि ती तरी त्या दुपारी अचानक थोडीच सुटली? नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई १८४५ पासून रेल्वेच्या मागे लागलेले होते, पहिली कुदळ पडली ती १८५० च्या ऑक्टोबरमध्ये, शीवजवळ. त्यानंतर चीफ इंजिनिअर जेम्स बर्कलींच्या हाताखाली अडीच वर्षं खाडी, दलदल आणि टेकड्यांतून रूळ टाकणं चाललं होतं. बर्कलींचं नाव राहिलं, भर घालणाऱ्यांची नावं कुठे आहेत? मला खरं सांगायचं तर हे वाचताना फार लागलं. तारीख मिळाली ती डब्यात बसलेल्यांना.

बरं, १६ एप्रिलला आणखी एक गाडी पोचली होती. १९१७ साली लेनिन स्वित्झर्लंडमधून रशियात परत आले ते याच दिवशी. झुरिकहून ९ एप्रिलला निघाले, सगळे मिळून ३२ जण, आणि वाट होती जर्मनीतून, म्हणजे ज्या देशाशी रशियाचं युद्ध चालू होतं त्याच देशातून! जर्मनांचा हिशोब साधा होता, हा माणूस पोचला तर रशिया युद्धातून बाहेर पडेल. डब्यात खडूने एक रेघ मारलेली होती, अलीकडे जर्मन अधिकारी, पलीकडे हे लोक. मग बोटीने स्वीडन, तिथून फिनलंड, आणि रात्री अकराच्या पुढे पेट्रोग्राडचं, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचं, फिनलंड स्टेशन.

पण त्या रात्री स्टेशनवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला तारीख विचारली असती तर त्याने ३ एप्रिल सांगितली असती. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, आपल्या आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या १३ दिवस मागे. म्हणूनच तर त्यांची 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबरला येते. पुढे १९१८ मध्ये त्यांनी ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरला.

आता गंमत बघा, त्याच यादीत कलोडनची लढाई आहे, १६ एप्रिल १७४६, स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसजवळ. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लढवय्ये, एका बाजूला, ड्यूक ऑफ कंबरलंडचं सरकारी सैन्य दुसऱ्या बाजूला. आदल्या दिवशी कंबरलंडचा वाढदिवस होता, सैन्य खाऊन-पिऊन सुस्तावलेलं असेल म्हणून रात्रीच छापा घालायचा असा बेत करून हायलँडर अंधारात मैलोन्‌मैल चालत गेले, वेळेत पोचलेच नाहीत, उपाशी आणि झोपमोड झालेले परत आले आणि सकाळी त्याच अवस्थेत लढायला उभे राहिले. तासाभराच्या आत सगळं संपलं, त्यांची दीड-दोन हजार माणसं पडली. ब्रिटनच्या भूमीवरची ही शेवटची मोठी मैदानी लढाई. पण ब्रिटनने नवं कॅलेंडर घेतलं १७५२ मध्ये, म्हणजे कलोडनची ही तारीख जुन्या कॅलेंडरची, नव्याने ती २७ एप्रिल होते! लेनिनची तारीख बदलून घेतली, कलोडनची तशीच ठेवली, आणि दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी.

आपल्याकडेही हे आहेच. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्याची इंग्रजी तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० धरतो, पण ती ज्युलियन आहे, आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचंही तेच, ६ जून १६७४ ही जुनी तारीख, नवीन पद्धतीने १६ जून. तारीख की तिथी यावर आपण इतकी वर्षं भांडतोय, पण तारीखवाल्यांची तारीख कुठल्या कॅलेंडरची हे किती जणांना माहीत असतं? मलाही हे बरंच उशिरा कळलं.

चार्ली चॅप्लिनचा जन्मही १६ एप्रिलचा, १८८९ चा. त्यांच्या जन्माची सरकारी नोंद कुठेच सापडलेली नाही, ते सांगायचे तीच तारीख आपण धरतो.

आता जिच्यासाठी मला खरं तर हे सगळं बोलायचं होतं ती. हॅरिएट क्विंबी. अमेरिकेत पायलटचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई, १९११ साली. १६ एप्रिल १९१२ ला पहाटे डोव्हरहून एका सीटच्या ब्लेरिओ विमानात एकटी निघाली. कंपास, म्हणजे होकायंत्र, तिने त्याआधी कधी वापरलेलाच नव्हता, गुस्ताव हॅमेल नावाच्या पायलटने तो कसा बघायचा ते तिला नुकतंच शिकवलं होतं, आणि त्याआधी तर त्याने असंही सुचवलं होतं की तुझा तो जांभळा सूट घालून मीच उडून जातो, तू पलीकडे गुपचूप येऊन माझी जागा घे. तिने ठाम नाही म्हटलं. वर गेल्यावर सगळं धुकं, खाली काही दिसेना, नुसत्या त्या कंपासवर भरवसा ठेवून ५९ मिनिटांत ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली, जायचं होतं कॅलेला, पोचली आर्डेलोला. इंग्लिश खाडी विमानाने एकटीने पार करणारी पहिली बाई!

आणि पेपरात? जवळजवळ काही नाही. आदल्याच पहाटे टायटॅनिक बुडालं होतं, दीड हजारांवर माणसं गेली होती, पानंच्या पानं त्यानेच भरलेली. पेपरवाल्यांना दोष कसा द्यायचा? पण ती दोन दिवस आधी उडाली असती तर आज आपल्या प्रत्येकाला तिचं नाव माहीत असतं असं मला मनापासून वाटतं. विल्बर राइटचा त्या दिवशी ४५ वा वाढदिवस होता, दीड महिन्यात टायफॉइडने ते गेले. आणि १ जुलैला बॉस्टनजवळ विमानातून बाहेर फेकली जाऊन हॅरिएटही गेली, सीटबेल्ट लावलेला नव्हता. म्हणजे जेमतेम अडीच महिने मिळाले तिला.

एकच शेवटचं. दक्षिण कोरियात १६ एप्रिल म्हटल्यावर इतिहासाचं पुस्तक कोणी उघडत नाही. २०१४ साली सेवोल नावाची फेरीबोट इंचनहून जेजू बेटाकडे जाताना उलटली, ४७६ जण होते, ३०४ गेले, त्यातली २५० आन्सानच्या दानवन हायस्कूलची मुलं, शाळेच्या ट्रिपला निघालेली. जहाज कलत होतं आणि स्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगत होते, आहात तिथेच थांबा. ऐकणारी मुलं थांबली. कॅप्टन मात्र पहिल्या काही सुटका झालेल्यांत होता. तिथे या दुर्घटनेला तारखेनेच ओळखतात, चार-सोळा. ही तारीख आईवडिलांनी पिवळ्या फिती लावून, रस्त्यावर बसून, वर्षानुवर्षं धरून ठेवली आहे. २०१७ च्या मार्चमध्ये जहाज समुद्रातून वर काढलं, आतला चिखल चाळून काढला, पाच जण अजून सापडलेले नाहीत.