नवा फोन किती वर्षांचा?

श्रोतेहो, नमस्कार.

नवा फोन घ्यायचा ठरला की घरात दोन प्रश्नांवर चर्चा रंगते. कोणत्या कंपनीचा घ्यायचा? आणि आयफोन घ्यायचा की अँड्रॉइड? मला कुणी हे विचारलं, की मी आधी एकच विचारतो: हा फोन तुम्हाला किती वर्षं वापरायचा आहे? याचं उत्तर सहसा तयार नसतं. पण ते एकदा ठरलं, की कंपनी, सिस्टिम म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बॅटरी, स्टोरेज हे बाकीचे प्रश्न पुष्कळ सोपे होतात. म्हणून आज मी याच अंगाने बोलणार आहे.

फोन निकामी होतो तो दोन तऱ्हांनी. पडला, भिजला, बॅटरी दमली, ही पहिली तऱ्हा आपल्या ओळखीची. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. फोन चालू असतो, काच शाबूत असते, पण आतल्या सॉफ्टवेअरची काळजी घेणारं कुणी उरलेलं नसतं. नोकियाचे ल्युमिया फोन काहींना आठवत असतील. बांधणी दणकट, कॅमेरा उत्तम. त्यांच्यावर मायक्रोसॉफ्टची विंडोज सिस्टिम होती. ३१ डिसेंबर २०१९ला व्हॉट्सॲपने त्या सिस्टिमवर काम करणं थांबवलं आणि जानेवारी २०२०मध्ये तिचे अपडेट, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा आणि दुरुस्त्याही संपल्या. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ला आपल्या जुन्या सिस्टिमच्या सेवा बंद केल्या. त्या फोनवरून साधा कॉल लागेल याचीही हमी राहिली नाही. यंत्रात काहीही बिघाड नसताना ते अडगळीत गेले.

सिस्टिमच्या या चढाओढीतून जगभर मोठ्या दोन सिस्टिम उरल्या. ॲपलची आयओएस आणि गूगलची अँड्रॉइड. पहिला आयफोन २००७चा, अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच्या पुढच्या वर्षीचा. आता या दोघींतला खरा फरक कुठे आहे, तर फोनची देखभाल कोण करतं यात. दिसणं, वापरणं, कॅमेरा यांत त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या आहेत, की त्यावरून वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

आयफोनचं यंत्र आणि त्यातली सिस्टिम एकाच कंपनीची. ॲपलने अपडेट काढला, की तो चालू शकेल अशा सगळ्या आयफोनना तो एकदमच मिळतो. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला २०२१ची आयओएस १५ मिळाली, आणि त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. अँड्रॉइडचा प्रवास लांबचा आहे. गूगल सिस्टिम तयार करतं. चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपवर नीट चालेल अशी सोय करते. मग फोनची कंपनी तिला आपलं रूप देते, आपली ॲप घालते, तपासते, आणि मगच अपडेट तुमच्या फोनपर्यंत येतो. काही ठिकाणी मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचीही मंजुरी लागते. यातला एक जरी मागे राहिला, तरी अपडेट अडतो. २०१५पासून गूगल ठरावीक काळाने अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी आणि त्यांच्या दुरुस्त्या जाहीर करतं. म्हणजे त्रुटी कुठे आहे हे सगळ्या जगाला कळतं, चोरांनाही कळतं. ज्या फोनला दुरुस्ती मिळाली तो सावरतो. ज्याला मिळाली नाही, त्याचा मालक त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करत राहतो.

तुमचा अँड्रॉइड फोन आत्ता हाताशी असेल, तर एवढं करून बघा. सेटिंग्ज उघडा. अगदी खाली ‘अबाउट फोन’ असतं, त्यात अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवा. तिथे ‘सिक्युरिटी अपडेट’ या नावापुढे एक तारीख दिसेल. काही फोनमध्ये ती ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये असते. तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर ठीक. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर फोन कितीही छान चालत असला तरी त्याची देखभाल थांबलेली असण्याची शक्यता मोठी आहे. नवा फोन पसंत करतानाही प्रदर्शनात ठेवलेल्या फोनवर हीच तारीख बघा. त्या कंपनीची सवय तिच्यावरून बरीच कळते.

अलीकडे यात चांगला बदल झाला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये आपला पिक्सेल ८ हा फोन काढताना ७ वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ला तेवढंच दिलं. पण हे वचन त्या त्या मॉडेलचं आहे. एकाच कंपनीच्या महाग फोनला ७ वर्षं आणि स्वस्त फोनला त्याहून कमी, असंही असतं. म्हणून अमुक कंपनी चांगली या ऐकीव माहितीवर जाऊ नका. मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या स्वतःच्या पानावर मुदत बघा. तिथेही दोन आकडे असतात. सिस्टिमची नवी आवृत्ती किती वर्षं मिळणार हा एक, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार हा दुसरा. जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच सांगतात.

आणि आता ज्या बाबीत पुष्कळ जण फसतात ती. ही मुदत बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही ते घेतल्या दिवसापासून नाही. पिक्सेल ८ची ७ वर्षं ऑक्टोबर २०३०मध्ये संपतील, मग तुम्ही तो पहिल्या दिवशी घेतलेला असो की दोन वर्षांनी सवलतीत. मुळात ३ वर्षांचीच मुदत असलेलं मॉडेल दोन वर्षांनी स्वस्तात मिळालं, तर हाती एक वर्ष उरतं. किंमत कमी झालेली दिसते, आयुष्य कमी झालेलं कुणी सांगत नाही. मला ही गोष्ट फार खटकते. फोनच्या खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात, तशी देखभालीची शेवटची तारीखही छापायला हवी. युरोपीय संघाने जून २०२५पासून जो नियम आणला आहे, त्यात अपडेटची किमान ५ वर्षं मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजतात. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर मोजायची योग्य रीत हीच आहे.

आता बॅटरीकडे वळतो, कारण सॉफ्टवेअर ७ वर्षं टिकलं तरी बॅटरी तेवढी टिकत नाही. बॅटरीचं वय चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजतात. आज ६० टक्के वापरली आणि उद्या ४० टक्के, की एक फेरी झाली. त्याच युरोपीय नियमात ८०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या निदान ८० टक्के शिल्लक राहायला हवी, असं म्हटलं आहे. ॲपलने आयफोन १५पासून हा आकडा १००० फेऱ्यांचा सांगितला. त्याआधीच्या आयफोनना तो ५०० होता. रोज एक फेरी धरली तर ८०० फेऱ्या म्हणजे सुमारे सव्वादोन वर्षं. म्हणजे पाच-सहा वर्षं वापरायचा फोन असेल, तर एकदा तरी बॅटरी बदलावी लागणार, हे आधीच धरून चला. खरेदीच्या वेळीच विचारा: या मॉडेलची मूळ बॅटरी कुठे बदलून मिळते, किती खर्च येतो, आणि स्क्रीन फुटली तर ती मिळते का? ज्या कंपनीचं सेवाकेंद्र तुमच्या आवाक्यात नाही, तिचा सगळ्यात चांगला फोनही तुमच्यासाठी चांगला नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. २०० मेगापिक्सेलचा, म्हणजे २० कोटी बिंदूंचा, कॅमेरा बहुतेक वेळा १६ बिंदूंचा एक बिंदू करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. कमी उजेडात ते फायद्याचंही असतं. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार आणि फोटोवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर यांवर फोटो अधिक अवलंबून असतो. आकडा वाचू नका, प्रदर्शनातला फोन उचला, उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात हलत्या माणसाचा फोटो काढा आणि मोठा करून चेहरा बघा.

रॅमची, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या जागेची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात आणि स्टोरेजची, म्हणजे कायमच्या साठ्याची, कमी. बरीच वर्षं वापरायच्या फोनमध्ये फोटो आणि व्हिडिओ साठतच जातात. आयफोनमध्ये मेमरी कार्डाची सोय कधीच नव्हती, आणि सॅमसंगनेही २०२१च्या गॅलेक्सी एस२१पासून त्या मालिकेतली ती काढून टाकली. साठा काठोकाठ भरला की फोन रेंगाळतो आणि अपडेट बसवायलाही जागा उरत नाही. दोन पर्यायांत अडकलात, तर महाग कॅमेऱ्यापेक्षा जास्त स्टोरेजचं मॉडेल घ्या.

एका सिस्टिमवरून दुसरीकडे जायचं असेल, तर आधी तुमचं काय काय अडकलेलं आहे ते बघा. नंबर, फोटो, कॅलेंडर नेता येतात. पैसे देऊन घेतलेली ॲप नेता येत नाहीत, ती पुन्हा घ्यावी लागतात. ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडता येत नाही, आणि सॅमसंगची २०२१पासूनची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. व्हॉट्सॲपचं तर नीट ऐका. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली प्रत, गूगलच्या खात्यात जाते, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउड साठ्यात, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲपलचं ॲप चॅट घेऊन जातं, पण फोन पहिल्यांदा सुरू करण्याच्या वेळीच ते वापरायचं असतं. घाईघाईत फोन सुरू करून वापरायला लागलात, तर आठवणींनी भरलेली सगळी संभाषणं जुन्या फोनमध्येच राहतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घेणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे. त्यांना मदत करणाऱ्या माणसाकडे जी सिस्टिम आहे, तीच घ्या. अडल्यावर ‘वरून खाली बोट फिरवा, आता उजवीकडचं चक्र दाबा’ असं फोनवरून सांगणारं कुणी असलं, की अर्धी भीती जाते. घेण्याआधी अक्षरं सर्वात मोठी करून बघा. काही फोनमध्ये मोठ्या अक्षरांनी बटणं झाकली जातात. तुमच्या भाषेत बोलून टाईप करून बघा. दृष्टी अधू असेल, तर स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयी, आयफोनमधलं व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमधलं टॉकबॅक, सुरू करून, स्क्रीनकडे न बघता एक कॉल लावून बघा. ज्याच्या हाताला जे सोपं वाटेल ते त्याचं. तिथे बाकीच्यांनी मत देऊ नये.

शेवटी जुन्या फोनबद्दल. तो कुणाला देणार असाल, तर थेट सगळं पुसून टाकण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडा: अँड्रॉइडवर गूगल खातं काढा, आयफोनवर ॲपलच्या खात्यातून साइन आऊट करा. मग फॅक्टरी रिसेट. हे राहिलं, तर रिसेटनंतरही फोन तुमचाच पासवर्ड मागत राहू शकतो आणि मग नव्या मालकाला तो उघडता येत नाही. आणि नव्या फोनवर फोटो, चॅट, बँकेची ॲप सगळं नीट आल्याची खात्री होईपर्यंत, निदान दोन आठवडे, जुना फोन घराबाहेर जाऊ देऊ नका.

नमस्कार.