मुठीवरची पापणी

(कोथरूडमधल्या एका महिला मंडळात जूनमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षताई म्हणाल्या होत्या, वीस मिनिटं बोला, मग चहा. मी 24 वर्षं सदाशिव पेठेत पार्लर चालवते. समोर खुर्चीत कुणी डोळे मिटून पडलेलं नसताना बोलायची मला सवय नाही, त्यामुळे मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मे संपला की माझ्याकडे लग्नाला निघालेल्या मुली कमी येतात आणि लग्नाहून परतलेल्या जास्त. मेंदी उतरलेली असते, दागिने लॉकरमध्ये गेलेले असतात, डोळ्यांवर मात्र लॅशेस, म्हणजे ग्लूने चिकटवलेल्या कृत्रिम पापण्या, अजून अर्धवट लटकत असतात. एका डोळ्यावर पुंजका आणि दुसऱ्यावर टक्कल. "ताई, माझ्या पापण्या परत येतील ना?" हा प्रश्न या जूनमध्ये मी इतक्यांदा ऐकलाय, की दारावर पाटीच लावावी असं वाटतं. बहुतेकींच्या येतात. पण त्या येण्याच्या वाटेत आपणच आडवे पडतो. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. मराठीत पापणी म्हणजे डोळ्यावरचं कातडीचं झाकण आणि पापणी म्हणजे त्याच्या काठावरचा केससुद्धा. संस्कृतात केसाला पक्ष्म असा वेगळा शब्द आहे. माझी एक वैद्य मैत्रीण सांगते की वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पक्ष्मशात नावाचा रोगच आहे, पापण्या झडण्याचा. म्हणजे हे दुखणं जुनंच आहे, गोंद तेवढा नवा. मी आज केसाला पापणी म्हणेन आणि झाकणाला झाकण.

लहानपणी आपण सगळ्यांनीच गळलेली पापणी मुठीवर ठेवून इच्छा मागितली आहे. डोळे मिटायचे आणि फुंकर मारायची. ती उडाली की परीक्षेत पास. माझं म्हणणं एवढंच, की फुंकण्याआधी ती नीट बघा. एक टोक निमुळतं असतं. दुसऱ्या टोकाला पांढरा ठिपका असेल, अगदी खसखशीच्या दाण्याहून बारीक, तर ती पापणी आपलं आयुष्य पुरं करून पडली आहे. अशा दिवसाला दोन-चार पडतात, त्यांचं काही वाटून घेऊ नका. ठिपका नसेल आणि टोक तुटक असेल, तर ती मधेच मोडली. आणि टोकाशी काळपट, ओलसर, चिकट असं काही दिसलं, तर वाढती पापणी मुळासकट उपटली गेली आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. हिंजवडीत नोकरी, बहिणीचं लग्न आत्ताच झालेलं. कुठल्याशा पार्लरमध्ये पन्नास मिनिटांत लॅशेस लावून घेतले होते. लग्न छान झालं, फोटो छान आले. तिसऱ्या आठवड्यात टोचायला लागले, तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तिने ते ओढून काढले. ओढलेलं सगळं टिश्यूत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. पुणेकर मुलगी, पुरावा सोडत नाही.

भिंगाखाली धरलं. एक काळा पुंजका होता, त्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा ग्लूचा गोळा, आणि त्या गोळ्यात तिच्या स्वतःच्या पाच पापण्या. दोनच्या टोकाला पांढरा ठिपका. त्या तशाही पडणारच होत्या. उरलेल्या तीन वाढीच्या भरात असताना मुळातून निघाल्या होत्या.

यात नेमकं काय बिघडलं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वरच्या झाकणावर साधारण 90 ते 150 पापण्या असतात, आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. शेजारशेजारच्या दोन पापण्यांतली एक वाढत असते तर दुसरी निवृत्तीला टेकलेली. म्हणून नियम असा, की एका पापणीवर एकच कृत्रिम केस, आणि तोही झाकणापासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडून. हे करताना चिमट्याने शेजारच्या सगळ्या बाजूला धराव्या लागतात. त्याला आम्ही आयसोलेशन म्हणतो. दोन्ही डोळ्यांना दीड-दोन तास सहज जातात. पन्नास मिनिटांत उरकायचं तर तयार पुंजके घ्यायचे, ग्लूत बुडवायचे आणि चार-पाच पापण्यांवर मिळून चिकटवायचे. मग त्यातली एक वाढायला लागली की ती बाकीच्या चौघींना ओढते. तीन पायांच्या शर्यतीत एक धावतो आणि एक बसकण मारतो, तसं. दिवसरात्र तो ताण मुळावर. टोचतं ते त्याचमुळे, आणि टोचतं म्हणून आपण चोळतो.

ग्लूबद्दल थोडं. तो सायनोअॅक्रिलेट असतो, म्हणजे आपल्या घरातल्या फेविक्विकचा चुलतभाऊ. 1942 साली अमेरिकेत हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला, आणि दिसेल त्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. विकायला आला तो 1958 मध्ये. त्यांना त्रासदायक वाटलेल्या गुणावर आज आमचा धंदा चालतो! हा ग्लू वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणूनच पुण्यातला एप्रिल-मे अवघड. दुपारची हवा इतकी कोरडी, की ग्लू लवकर बसत नाही, आणि तोवर शेजारच्या पापण्या येऊन चिकटतात. लग्नं नेमकी तेव्हाच. खोलीतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते लॅशेस लावणाऱ्या बाईच्या टेबलावर आहे का बघा. नसेल तर विचारा. विचारायला लाजू नका, डोळे तुमचे आहेत.

आता झालेलं नुकसान. पहिलं म्हणजे, उरलेले लॅशेस ओढायचे नाहीत. हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलते आणि दहाही जणी बोलता बोलता हात डोळ्याकडे नेतात. काढायला क्रीमसारखा घट्ट रिमूव्हर असतो. तो ग्लूवर लावून काही मिनिटं थांबलं की केस ब्रशने घसरून येतो, ओढावा लागत नाही. पातळ रिमूव्हर डोळ्यात ओघळतो, म्हणून मला तो नको वाटतो. हे काम डोळे मिटून करायचं असतं, तेव्हा आरशात बघून स्वतःचं स्वतः करता येत नाही, हे उघड आहे. तरी लोक करतात. नेलपेंटचा रिमूव्हर घेऊन बसलेल्या एका बाईंना मी फोनवर ओरडून थांबवलंय. खोबरेल तेल आणि वाफ यांनी ग्लू थोडा सैल पडतो, पण विरघळत नाही. मग धीर सुटतो आणि शेवटी ओढणं येतंच. काढून देणारं कुणी भरवशाचं मिळालं नाही आणि डोळा शांत असेल, तर तसेच राहू द्या. पापण्या पडतील तसे तेही पडतील.

डोळा शांत असेल तर, हे मी मुद्दाम म्हटलं. लाली आणि चुरचुर ग्लूच्या वाफेनेही होते आणि ती एक-दोन दिवसांत जाते. पण झाकण सुजलं, खाज वाढत गेली, तर ती ग्लूची अॅलर्जी असू शकते, आणि ती दर वेळी मागच्यापेक्षा जोरात येऊ शकते. अशा मुलीला मी पुन्हा लावत नाही. पैसे दिले तरी नाही. दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, पू येत असेल, तर माझ्याकडे येऊ नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि लेन्स लावत असाल तर आधी ती काढा. झाकणाच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. ग्लूच्या चुऱ्याने आणि न धुतल्याने त्यांची तोंडं बुजतात, मग रांजणवाडी होते. लॅशेस लावलेल्या मुली डोळेच धूत नाहीत, लॅशेस निघतील म्हणून. तीन आठवडे! घरातली कढई आपण एक रात्र तशी ठेवत नाही.

त्यानंतर काय लावायचं? हा प्रश्न आला की वह्या उघडतात. आत्ताही उघडल्या, मला दिसतंय. लावायचं काही नाही. डोळ्यांना न झोंबणारा बेबी शाम्पू पाण्यात पातळ करून, स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने रोज कड धुवायची, एवढंच. ग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट कापडाचा शेक. वॉटरप्रूफ मस्कारा नको, कारण तो काढताना घासावं लागतं. पापण्या वळवायचा कर्लर नको.

(सभागृहातून: "आणि एरंडेल?")

मला वाटलंच होतं. आमच्या आजीने एरंडेल लावलं, आईने लावलं, मीही लावलं. त्याने पापणीला चकाकी येते, ती जरा कमी मोडत असेल. पण त्याने नवीन पापणी उगवते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, हे मला एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं आणि मी दोन दिवस रुसले. जास्त लावलं तर ते डोळ्यात उतरतं, धूसर दिसतं, ग्रंथी आणखी तुंबतात. लावायचंच असेल तर ते केसापुरतं ठेवा, कडेला माखू नका.

खरोखर पापणी वाढवणारं औषध एक आहे, बिमॅटोप्रॉस्ट. ते मुळात काचबिंदूचे थेंब. ते घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या आणि लोकांचे डोळे चमकले. डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेत पापण्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली. पण त्याने झाकणाची कातडी काळवंडू शकते, डोळ्याखालची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसू शकतात, आणि बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहू शकतो. शिवाय औषध थांबलं की पापण्या हळूहळू पहिल्यासारख्या. हे डॉक्टरांनी सांगितलं तरच. ऑनलाइन मिळणाऱ्या पापण्यांच्या सीरमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा, या औषधाची भावंडं तिथेही लपलेली असू शकतात.

आता हिशेब. पापणी दिवसाला साधारण 0.12 ते 0.14 मिलिमीटर वाढते. डोक्यावरचा केस याच्या दुपटीहून जास्त वेगाने वाढतो. वरच्या पापणीची लांबी 8 ते 12 मिलिमीटर. भागाकार करा, मधल्या लांबीच्या पापणीला अडीच महिने येतात, तेही मूळ लगेच कामाला लागलं तर. उपटलेलं मूळ आधी थोडं रुसतं. म्हणून मी तीन महिने सांगते. या तीन महिन्यांत पुन्हा लॅशेस लावणं म्हणजे नुकत्याच रुजलेल्या रोपाला झोका बांधणं. आणि रिकामी जागा झाकायला लॅशेस हाच उपाय आहे, असं सांगणारी बाई भेटली, तर कान झाकून घ्या. मी स्वतः याच व्यवसायातली आहे, म्हणून सांगते.

पुण्यात आणखी एक भानगड आहे, स्कार्फ. दुचाकीवर आपण डोळे सोडून सगळं गुंडाळतो, आणि तो स्कार्फ काढताना खालून वर ओढतो. लॅशेस त्यात अडकतात. पापण्या विरळ झाल्यावर कर्वे रस्त्याची सगळी धूळ थेट आत. पापणीचं कामच ते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या लोकांनी 22 जातींच्या प्राण्यांचे डोळे मोजले, तर पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. तेवढ्या लांबीला डोळ्यावरून वाहणारा वारा सगळ्यात कमी होतो. त्याहून लांब पापण्या उलट वारा डोळ्याकडे वळवतात. म्हणजे ज्या लांबीचे आपण पैसे मोजतो, ती डोळ्याला नकोच असते. मी हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, त्या हसतात आणि 13 मिलिमीटरचे मागतात. असो. तोवर साधा, नंबर नसलेला का होईना, चष्मा लावून गाडी चालवा.

एक गोष्ट मात्र लॅशेसच्या माथी मारू नका. लॅशेस आपण बहुधा वरच्या झाकणावर लावतो. खालच्याही पापण्या गळत असतील, भुवया विरळ होत असतील, किंवा एकाच जागी गोल टक्कल पडत असेल, तर थायरॉइड असू शकतं, चाई असू शकते, कडेची जुनी सूज असू शकते. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं थायरॉइड असंच कळलं. ती माझ्याशी भांडायला आली होती.

(सभागृहातून: "पंधरा दिवसांवर लग्न असेल तर?")

तुमचं की मुलीचं? मुलीचं. मग झाकणावर लाली-सूज नसेल, तर पापण्यांच्या मुळांशी बारीक लायनर, वर नीट केलेली भुवई. फोटोत कुणाला कळत नाही. फारच हौस असेल तर त्या संध्याकाळपुरती पट्टीची पापणी. तिचा गोंद वेगळा आणि सौम्य असतो, कातडीवर बसतो आणि रात्री निघतो. तो दोन दिवस आधी कानामागे लावून बघा, आणि रात्री तेलाने किंवा क्लीन्झरने भिजवूनच काढा. वरातीहून दमून आल्यावर ओढून काढायची नाही. करवलीला सांगून ठेवा.

ती हिंजवडीची मुलगी दर दोन आठवड्यांनी यायची, नुसतं भिंगाखाली बघून घ्यायला. मी काही करत नव्हते, म्हणून पैसेही घेत नव्हते. चहा मात्र दोघींचा व्हायचा. पाचव्या आठवड्यात बारीक काळे ठिपके दिसायला लागले, दाढी करून दुसऱ्या दिवशी दिसतात तसे. ती रडली. बाराव्या आठवड्यात ओळ जवळजवळ भरली. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात मात्र दोन-तीन पापण्यांएवढी जागा अजून मोकळी आहे. तिथे तिने दोनदा ओढलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुळाला व्रण झाला असेल तर तिथे आता येणार नाही. ती तिथे पेन्सिलने एक रेघ काढते आणि ऑफिसला जाते.

भिंग मी आणलंय, मेजावर आहे. चहा घेता घेता ज्यांना बघायचंय त्यांनी या. फक्त हात धुऊन या, आणि समोसा आधी संपवा.