बर्डीच्या दगडातले बुडबुडे

(दृश्य: नागपूर, सीताबर्डीची टेकडी, सकाळ. मागून रेल्वेचा भोंगा.)

टेकडीच्या गणपतीला तुम्ही शंभरदा आला असाल. आज दर्शन झालं की जरा पायाखालच्या दगडाकडे बघा. हा लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी निवालेला.

(दृश्य: तळहातावर काळ्या गिट्टीचा तुकडा.)

यात बारीक बारीक छिद्रं दिसतात ना? ते अडकलेल्या वायूचे बुडबुडे. काहींत पांढरे स्फटिक बसलेत. ते झिओलाइट, मागाहून झिरपलेल्या पाण्यातून तयार झालेले.

जिवंत ज्वालामुखीच्या पोटात तरी दुसरं काय असतं? वितळलेला खडक म्हणजे शिलारस, त्यात तरंगणारे स्फटिक आणि विरघळलेला वायू. वायूत सगळ्यात जास्त पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. शिलारस वर येतो तसा दाब कमी होतो आणि वायू सुटायला लागतो. पुढचं सगळं रसाच्या दाटपणावर. चुलीवरचं पिठलं आठवा. पातळ असेतोवर मुकाट उकळतं; घट्ट झालं की बुडबुडा फटकन फुटतो आणि हात भाजतो. सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, जास्त तितका रस चिकट. आपल्या या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ती जेमतेम निम्मी, म्हणून ११००-१२०० अंश तापलेला हा रस जमिनीच्या भेगांतून निघून दूरवर पसरत गेला.

आणि ती राख! राख म्हणतो खरं, पण जळालेलं त्यात काहीच नाही. तो फुटलेल्या खडकाचा आणि काचेचा भुगा. विमानाच्या इंजिनात गेला तर वितळून आत चिकटून बसतो.

(दृश्य: समुद्र, धुरकट शिखर.)

हे अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून जास्त वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये पुन्हा उठला. तिथेही मुख्यतः बेसॉल्टच. धूर वाटतो त्यात वाफच जास्त.

(दृश्य: शंखाचा ठसा असलेला दगड.)

आता परत नागपूर. १८५० च्या दशकात इथले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना टाकळीला, लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. हिस्लॉप कॉलेजातले हिस्लॉप, तेच. म्हणजे एक थर निवला, त्यावर तळं साचलं, गोगलगायींच्या पिढ्या नांदल्या.

मग पुन्हा लाव्हा आला.