मेडियाचा सूड

श्रोतेहो, नमस्कार.

कॉरिंथ शहरातलं एक घर. दारात म्हातारी दाई उभी राहून नशिबाला बोल लावते आहे. म्हणते, ते आर्गो जहाज समुद्रात उतरलंच नसतं तर किती बरं झालं असतं! आत तिची मालकीण मेडिया जमिनीवर पडून आहे, अन्नाला शिवत नाही. कुणी समजवायला गेलं तर खडकानं ऐकावं तेवढंच ऐकते. मधूनच मान वळवते आणि ज्या बापाला सोडून आली, त्याच्या नावानं रडते. नवऱ्यानं दुसरं लग्न केलंय, तेही राजाच्या मुलीशी.

प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'मेडिया' नाटकाची ही सुरुवात. इसवी सनापूर्वी ४३१ साली अथेन्सच्या डायोनिसस देवाच्या उत्सवात ते स्पर्धेत उतरलं. तीन नाटककारांमध्ये पहिला आला जुन्या नाटककार एस्किलसचा मुलगा युफोरिऑन, दुसरा सॉफोक्लीस आणि तिसरा, म्हणजे शेवटचा, युरिपिडीस. युफोरिऑनचं एकही नाटक आज पूर्ण हाती नाही आणि 'मेडिया' मात्र अजून रंगभूमीवर येतं. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. हे नाटक बघून त्या प्रेक्षकांना स्वस्थ बसवलं नसणार.

मागची कथा थोडक्यात सांगतो. मेडिया काळ्या समुद्राच्या पूर्वेच्या कोल्किस देशाची राजकन्या, सूर्यदेव हेलिऑसची नात आणि मंत्रतंत्रात, औषधींत पारंगत. तिचा हा नवरा, ग्रीक वीर जेसन, आर्गो जहाजातून तिथली सोनेरी लोकर न्यायला आला, तेव्हा तिनंच त्याला वाचवलं. त्याच्यासाठी बापाशी दगा केला, स्वतःच्या भावाचा जीव घेतला. पुढे जेसनचा चुलता पेलिअस याला त्याच्याच मुलींच्या हातून मारवलं. त्यामुळे परतीचे सगळे दोर कापले गेले. माहेर तोडलेलं, सासरचं गाव सुटलेलं, पदरात दोन मुलगे, आणि आधार एकट्या जेसनच्या शब्दाचा.

हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. अथेन्समध्ये लग्न म्हणजे बापानं किंवा पालकानं हुंडा देऊन मुलगी नवऱ्याच्या हवाली करायची. नवऱ्यानं टाकलं तर ती माहेरी परत जाई, हुंड्यासकट. मेडियाचं लग्न लावून द्यायला कुणी नव्हतंच. जेसननं स्वतः उजवा हात तिच्या हातात देऊन देवांच्या शपथा घेतल्या होत्या. पुरुष पुरुषाशी करार करतो तसा तो करार होता. म्हणून नाटकात ती पहिल्यापासून त्या हाताची आणि त्या शपथांची आठवण काढते, देवांना साक्षीला बोलावते. याला निव्वळ सवतीमत्सर म्हणून बाजूला सारणारे टीकाकार मला पटत नाहीत. मत्सर आहेच, ती तो लपवतही नाही. पण तिचं मुख्य गाऱ्हाणं विश्वासघाताचं आहे.

मग ती घराबाहेर येते. आतून किंकाळ्या ऐकलेल्या आपल्याला वाटतं, आता केस पिंजारलेली बाई दिसेल. येते ती अगदी शांत, तोलून बोलणारी. कॉरिंथच्या बायकांना म्हणते: आपण भरमसाट पैसे मोजून नवरा विकत घ्यायचा आणि आपल्या देहाचा धनी करून ठेवायचा. तो चांगला निघतो की वाईट, हा जुगार. घरात जीव रमेना तर पुरुष बाहेर पडून मन रमवतो, आपण एकाच्याच तोंडाकडे बघत बसायचं. आणि हे म्हणतात, तुम्ही घरात सुखात, आम्ही लढाईवर जातो! एका बाळंतपणापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणात उभं राहणं मी पत्करीन.

हे ऐकत कोण बसलं होतं? बहुतांशी पुरुष. मुखवटा घालून बोलणाराही पुरुष नट. शिवाय वीस वर्षांपूर्वी, इसवी सनापूर्वी ४५१ साली, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस यानं त्याच शहरात कायदा करून घेतला होता: आई आणि बाप दोघं अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. परदेशी बायको म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नव्या नवरीचा बाप, कॉरिंथचा राजा क्रेऑन, मेडियाला मुलांसकट देशोधडीला लावायला येतो. ती त्याच्या पायाशी लोळण घेते आणि एका दिवसाची मुदत मिळवते. तो वळल्याबरोबर बायकांना म्हणते, काही फायदा नसता तर मी याची मनधरणी केली असती का?

आणि मग जेसन. माझ्या मते सगळ्या ग्रीक नाटकांत इतका साळसूद माणूस दुसरा सापडायचा नाही. तो ओरडत नाही, हिशेब मांडतो. तू मला वाचवलंस ते प्रेमाच्या देवीच्या करणीमुळे, म्हणजे आभार तिचे. उलट तुलाच जास्त मिळालं: रानटी देशातून ग्रीसमध्ये आलीस, कायदा आणि न्याय काय असतो ते कळलं, नाव झालं. राजकन्येशी लग्न केलं तेही आपल्या मुलांच्या भल्यासाठी. शेवटी म्हणतो, बायकांशिवाय मुलं होण्याची काही सोय असती तर माणसाला दुःखच उरलं नसतं. शपथ मोडून आलेला माणूस तिला कायद्याची महती सांगतो आहे, आणि आपण काही विचित्र बोलतोय याचा त्याला पत्ताही नाही.

त्याच्या तोंडी वंशाचा आणि मुलांचाच विषय असतो. पुढे अथेन्सचा राजा एजिअस येतो, तोही मूल होत नाही म्हणून देवाला कौल लावून आलेला. मेडिया त्याच्याकडून आश्रयाची शपथ घेववते, पृथ्वीच्या आणि सूर्याच्या नावानं, शब्दन् शब्द स्वतः सांगून. एकदा फसलेली बाई आता नुसत्या आश्वासनावर थांबत नाही. आणि जेसनच्या वर्मी घाव कुठे घालायचा, हेही याच सुमारास ती बोलून दाखवते. त्याला जिवंत ठेवायचं, निर्वंश करून.

ती मुलांच्या हाती नव्या नवरीला झगा आणि सोन्याचा मुकुट पाठवते. पुढचं दूत येऊन सांगतो. मेडिया त्याला म्हणते, घाई करू नकोस, कशी मेली ते सावकाश सांग. सवतीची मुलं दिसताच राजकन्येनं तोंड फिरवलं होतं, पण आहेर बघून खुलली. जेसन आणि मुलं फार दूर जायच्या आत तिनं झगा अंगात घातला, आरशासमोर केस सारखे केले, प्रतिबिंबाकडे बघून हसली. मग उठून खोलीत फिरू लागली आणि झगा मागून कसा पडलाय ते टाचेपर्यंत वळून वळून बघू लागली. अजून पोरच होती ती. त्यानंतर विष भिनलं, तोंडाला फेस आला, मुकुटातून आग निघाली. क्रेऑननं लेकीच्या प्रेताला मिठी मारली, तर झगा त्यालाही चिकटला आणि तोही गेला. युरिपिडीस इथे आपल्याला सूडाचा आनंद घेऊच देत नाही.

मुलांना मारायचं ठरवल्यावर तिचा धीर अनेकदा सुटतो. मुलं तिच्याकडे बघून हसतात आणि ती म्हणते, नाही जमणार. त्यांची लग्नं मी बघणार होते, म्हातारपणी ती मला सांभाळणार होती, मेल्यावर माझा देह तीच सजवणार होती. त्यांची मऊ कांती, त्यांच्या श्वासाचा गोड वास. आणि लगेच दुसरा विचार: शत्रू मला हसतील. होमरच्या महाकाव्यातल्या योद्ध्याला शोभावं असं हे वाक्य एका आईच्या तोंडी येतं. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळतं, पण तिचा संताप त्या समजेपेक्षा बलवान ठरतो. हे ती स्वतःच सांगते. नाटककारानं तिला वेड लागल्याची पळवाटसुद्धा ठेवलेली नाही.

शेवटी जेसन दार ठोठावत असतो आणि ती छताच्या वर सूर्याच्या रथात दिसते, मुलांची प्रेतं घेऊन. या रथावर ॲरिस्टॉटलनं नाक मुरडलं: शेवट कथानकातून यावा, नटाला वर उचलून धरणाऱ्या रंगमंचावरच्या यंत्रातून नव्हे. मला मात्र तो रथ पटतो. ज्या सूर्याच्या नावानं एजिअसनं शपथ घेतली, त्याचाच तो रथ, आणि त्याच्याच नातीला दिलेला. एरवी त्या उंचीवर नाटकाच्या शेवटी देव दिसतात. इथे मेडिया आहे, आणि खालून जेसन प्रेतांना एकदा हात लावू दे म्हणून गयावया करतो. ती तेही नाकारते.

आता ती जाणार कुठे? अथेन्सला. म्हणजे नाटक बघत बसलेल्या लोकांच्याच गावात. त्याच वर्षी अथेन्सचं स्पार्टाशी आणि कॉरिंथशी युद्ध पेटलं. शत्रूच्या शहरातली भानगड म्हणून हे सगळं पचवणं प्रेक्षकांना सोपं होतं. पण कॉरिंथच्या बायका आधीच विचारून बसल्या आहेत: पवित्र नद्यांचं ते शहर पोटची पोरं मारणारीला आसरा कसा देईल? द्यावाच लागणार. अथेन्सच्या राजानं शपथ घेतली आहे, आणि शपथ मोडली तर काय होतं हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं आहे.